शरीराचीं कळसूत्रें

टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून ओंठांशीं नेणें ही क्रिया इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तहान लागते, हात पुढें जातो, बोटें पेल्याभोंवतीं मिटतात, कोंपर वांकतें आणि पाणी घशांत उतरतें. या चार-दोन क्षणांत खांद्यापासून बोटांपर्यंत कित्येक स्नायूंनीं आपापलें काम केलेलें असतें. परंतु या सर्वांनीं मिळून जें केलें तें तत्त्वतः एकच होतें: प्रत्येकानें फक्त ओढलें. हात पुढें करतांनासुद्धां कोणत्याहि स्नायूनें त्याला पुढें ढकललें नाहीं. कारण ढकलणें ही गोष्ट स्नायूला मुळीं येतच नाहीं.

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें लवकर उमगेल. बाहुली नाचते, मान डोलावते, तलवार उगारते. पण तिला बांधलेल्या दोऱ्यांना एकच विद्या अवगत असते. दोरी ओढतां येते, ढकलतां येत नाहीं. म्हणून खेळ करणाराला एक दोरी खेंचतांना दुसरी सैल सोडावी लागते. मनुष्याच्या शरीरांतील स्नायु हीं अशींच कळसूत्रें आहेत. फरक एवढाच कीं, बाहुलीची दोरी दुसरा कोणी ओढतो. शरीरांतील दोरी स्वतःच आंखडते. ज्याला केवळ आंखडणें ठाऊक आहे अशा साधनाकडून चालणें, लिहिणें, गाणें, हांसणें, श्वास घेणें हीं सारीं कामें निसर्गानें कशीं करून घेतलीं, हें पाहण्यासारखें आहे. शिवाय ती रीत एकदां समजली म्हणजे घरोघर पडणाऱ्या एका प्रश्नाचें उत्तरहि सांपडतें. वय झालेल्या माणसानें स्वस्थ बसून राहावें, कीं हिंडावें-फिरावें, हा तो प्रश्न होय.

प्रथम नांवाचा थोडा उलगडा केला पाहिजे. मराठींत आज 'स्नायु' हा शब्द ज्या अर्थानें रूढ आहे, तो अर्थ प्राचीन वैद्यकांत नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत पेशी ५०० आणि स्नायु ९०० सांगितले आहेत. तेथें मांसाच्या गोळ्याला पेशी म्हटलें असून, सांधे बांधून ठेवणाऱ्या चिवट दोरांसारख्या भागांना स्नायु म्हटलें आहे. नावेच्या फळ्या दोरांनीं घट्ट बांधल्या म्हणजे ती जशी भार वाहण्यास समर्थ होते, तसें या बंधनांनीं शरीर भार सोसतें, असा दृष्टांतहि तेथें आहे. अर्वाचीन मराठींत शब्दांची अदलाबदल झाली. आतां मांसल भाग तो स्नायु, आणि शरीराचा अतिसूक्ष्म घटक ती पेशी. येथें हाच आजचा अर्थ घेतला आहे.

शरीरांतील स्नायूंचे तीन वर्ग आहेत. हाडांना जोडलेले आणि मनुष्याच्या इच्छेप्रमाणें चालणारे ते ऐच्छिक स्नायु. आंतडीं, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतींत असलेले आणि न विचारतां आपलें काम करणारे ते अनैच्छिक स्नायु. तिसरा वर्ग एकट्या हृदयाचा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक वेळां आंखडतें, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें जो क्षण मिळतो तेवढीच त्याची विश्रांति. ऐच्छिक स्नायूंची संख्या ६०० हून अधिक आहे. निरोगी प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारें ४० टक्के भाग यांचाच असतो. स्त्रियांत हें प्रमाण कांहींसें कमी असतें. म्हणजे ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगावर २४ किलोंच्या आसपास स्नायु असतात. त्यांत नितंबाचा स्नायु सर्वांत मोठा. बसलेला मनुष्य उठतो व जिना चढतो तो मुख्यतः त्याच्या आणि मांडीच्या स्नायूंच्या बळावर. सर्वांत लहान स्नायु कानाच्या आंत असतो. त्याची लांबी सुमारें ६ मिलिमीटर. मोठा आवाज झाला कीं तो कानांतील रिकिबीच्या आकाराच्या इवल्याशा हाडाला आवरून धरतो.

ऐच्छिक स्नायूचें मधलें अंग फुगीर व तांबडें असतें. टोंकांकडे तें निमुळतें होत जातें आणि शेवटीं पांढऱ्या, चकचकीत, चिवट दोरीसारखें होऊन हाडांत रुजतें. या दोरीला कंडरा म्हणतात. टांचेच्या वर मागील बाजूस जी जाड दोरी हाताला लागते ती शरीरांतील सर्वांत बळकट कंडरा होय. स्नायूचें एक टोंक बहुधा एका हाडाला आणि दुसरें टोंक सांध्यापलीकडच्या हाडाला जोडलेलें असतें. मधला भाग आंखडला कीं दोन्ही हाडें जवळ येऊं पाहतात, आणि सांधा वांकतो. शरीराच्या यच्चयावत् हालचालींचें मूळ एवढेंच आहे.

कंडरेमुळें निसर्गाला एक मोठी सोय साधतां आली. बोटें हलविणारा एकहि स्नायु बोटांच्या आंत नसतो. नाजूक हालचाली करणारे कांहीं स्नायु तळहातांत असतात. जोराचें काम करणारे मात्र कोंपर आणि मनगट यांच्या मधल्या भागांत असतात, आणि तेथून लांबलचक कंडरा मनगटांतून बोटांपर्यंत जातात. श्रोत्यांपैकीं ज्यांना शंका असेल त्यांनीं डाव्या हातानें उजवा हात कोंपराच्या जरा खालीं धरावा आणि उजव्या हाताचीं बोटें पेटी वाजविल्याप्रमाणें हलवावीं. बोटें हलतात तिकडे, पण वळवळ जाणवते ती इकडे. हे सगळे मांसल गोळे बोटांवरच असते तर बोटें केळ्याएवढीं जाड झालीं असतीं, आणि सुईंत दोरा ओंवणें, तबल्यावर बोल काढणें किंवा लेखणी धरणें मनुष्याला साधलें नसतें. भार दूर ठेवून सूत्र तेवढें कामाच्या जागीं नेलें, हें या रचनेंतलें चातुर्य आहे.

आतां ओढण्यांतून ढकलणें कसें निघतें तें पाहावयाचें. दंडाच्या पुढच्या बाजूस दोन मुळांचा स्नायु आहे. हात वांकवून मूठ आवळली कीं तो फुगून वर येतो. तालमींतलीं मुलें त्यालाच बेडकुळी काढणें म्हणतात. मराठी मुलांना तेथें बेडूक दिसला. प्राचीन रोमन लोकांना उंदीर दिसला असावा, कारण लॅटिन भाषेंत स्नायूला लहानसा उंदीर या अर्थाचाच शब्द आहे. हा पुढचा स्नायु आणि त्याच्या खालचा त्याचा जोडीदार आंखडले कीं कोंपर वांकतें. परंतु वांकलेला हात पुन्हां सरळ करणें त्यांच्या हातीं नाहीं. तें काम दंडाच्या मागच्या बाजूच्या तीन मुळांच्या स्नायूचें. त्याची कंडरा कोंपराच्या मागील टोंकाला जोडलेली आहे. फळीला मध्यें टेंकू दिला आणि तिचें एक टोंक ओढलें, तर दुसरें टोंक उलट दिशेनें जातें. त्याप्रमाणें हा स्नायु कोंपराचें टोंक मागें ओढतो आणि त्यामुळें मनगट पुढें जातें. दार ढकलणाऱ्या माणसाच्या दंडांत, म्हणजे, प्रत्यक्षांत ओढणेंच चाललेलें असतें.

याची परीक्षा बसल्या जागीं करतां येते. तळहात टेबलाखालीं लावून टेबल उचलण्याचा प्रयत्न केला तर दंडाची पुढची बाजू कठीण होते. तोच तळहात टेबलावर ठेवून खालीं दाबला तर मागची बाजू कठीण होते. गुडघा, घोटा, मान, कंबर, बोटें, सर्वत्र अशा जोड्या किंवा असे गट आहेत. एक वांकविणारा, दुसरा सरळ करणारा. मात्र या दोघांनीं एकाच वेळीं सारखा जोर केला तर सांधा जागच्या जागीं खिळून राहील. म्हणून एकाला हुकूम देतांना दुसऱ्याला आवर घालावा लागतो. ही व्यवस्था मज्जारज्जूच्या पातळीवरच होते, हें इंग्लंडमधील चार्ल्स शेरिंग्टन यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. मज्जासंस्थेविषयींच्या संशोधनाबद्दल त्यांना व एड्गर एड्रियन यांना १९३२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ओढणाराइतकाच सैल सोडणाराहि महत्त्वाचा, हा त्यांतला इत्यर्थ. नवशिक्या पोहणारा लवकर दमतो आणि मुरलेला पोहणारा दमत नाहीं, याचें एक कारण हेंच कीं, नवशिका आपल्या विरोधी स्नायूंना पुरते सैल सोडूं शकत नाहीं; त्याचीं निम्मी शक्ति स्वतःशींच झगडण्यांत जाते.

स्नायु किती जोरानें ओढतात, याचा हिशेब प्रथम नीट मांडला तो इटलींतील गणिती जोव्हान्नी बोरेल्ली यांनीं. प्राण्यांच्या गतीसंबंधींचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ सालीं प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत समज असा होता कीं, तरफेच्या योगानें थोड्या जोरांत मोठें वजन उचलावें तशी युक्ति शरीरानें योजली असावी. बोरेल्लींनीं दाखविलें कीं गोष्ट बरोबर उलट आहे. दंडाचा पुढचा स्नायु कोंपराच्या सांध्यापासून अवघ्या ४-५ सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेला असतो; तळहातांतलें वजन मात्र सांध्यापासून सुमारें ३५ सेंटिमीटर दूर असतें. त्यामुळें कोंपर काटकोनांत वांकवून ५ किलोंची पिशवी नुसती धरून ठेवावयाची तरी स्नायूंना एकूण ३५ ते ४० किलोंचा ताण द्यावा लागतो. हाताचें स्वतःचें वजन निराळेंच.

हा व्यवहार वरवर आतबट्ट्याचा वाटतो. पण बळांत जें गेलें तें वेगांत परत मिळतें. स्नायु १ सेंटिमीटर आंखडला कीं तळहात ७-८ सेंटिमीटर सरकतो. गोलंदाजाचा चेंडू, लोहाराचा घण, विटीवर बसणारा दांडू यांना जो वेग येतो तो या तोट्याच्या व्यापारांतूनच. याच हिशेबांतून गृहस्थांनीं व गृहिणींनीं लक्षांत ठेवण्यासारखा एक धडा निघतो. वजन अंगापासून जितकें दूर, तितका स्नायूंवर ताण अधिक. भरलेलें गॅसचें सिलिंडर सुमारें ३० किलोंचें असतें. गुडघे ताठ ठेवून, कंबरेंत वांकून तें उचलूं गेल्यास पाठीच्या स्नायूंना त्याच्या कित्येक पट ओढावें लागतें. गुडघे वांकवून, वजन अंगालगत घेऊन उठल्यास तोच भार मांडीच्या दणकट स्नायूंवर जातो. कंबरेंत उसण भरण्याचे पुष्कळसे प्रसंग एवढ्या एका संवयीनें टळूं शकतात.

मांडीचा विषय निघाला म्हणून आणखी एका स्नायूची ओळख करून देणें योग्य होईल. कंबरेच्या बाहेरच्या बाजूपासून निघून, मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आंतल्या अंगाला जाणारा एक अरुंद पट्टा आहे. शरीरांतील सर्वांत लांब स्नायु तो हाच. युरोपांतील शारीरशास्त्रज्ञांनीं त्याला शिंप्याचा स्नायु असें नांव दिलें. शिंपी ज्या रीतीनें पाय दुमडून बसत, त्या बैठकीला लागणाऱ्या सर्व हालचाली, म्हणजे मांडी उचलणें, बाहेर वळविणें आणि गुडघा दुमडणें, या स्नायूच्या आंखडण्यांत येतात. महाराष्ट्रांत ही बैठक कांहीं शिंप्यांपुरती नव्हती. पंगतीला, पूजेला, गाण्याच्या बैठकीला सर्वजण मांडी घालूनच बसत. पाटावर बसणें आणि हात न टेंकतां उठणें हा, कोणी व्यायाम म्हणून न केलेला, पण दिवसांतून अनेकदां घडणारा व्यायाम होता.

स्नायूच्या आंत डोकावून पाहिलें तर ओढण्याचें हें सूत्र अधिकच विलक्षण वाटतें. प्रत्येक स्नायु हा हजारों तंतूंचा जुडगा असतो. एकेक तंतु केंसासारखा बारीक. तंतूच्या आंत त्याहून सूक्ष्म धागे असतात आणि त्या धाग्यांवर ओळीनें लहान लहान खण पडलेले असतात. एक खण मिलिमीटरच्या सुमारें चारशेव्या भागाएवढा. त्यांत मायोसिन या द्रव्याचे जाड आणि ॲक्टिन या द्रव्याचे बारीक असे दोन प्रकारचे दोरे एकाआड एक असतात. स्नायु आंखडतो तेव्हां हे दोरे स्वतः आंखूड होत नाहींत. ते एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांचीं बोटें समोरासमोर धरून एकमेकांत सरकविलीं तर बोटांची लांबी तीच राहते, पण दोन मनगटांमधलें अंतर कमी होतें. तसाच हा प्रकार. १९५४ सालच्या मे महिन्यांत 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन निबंध प्रसिद्ध होऊन ही कल्पना पुढें आली. एक निबंध अँड्र्यू हक्स्ली व रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्स्ली नात्यानें एकमेकांचे कोणी नव्हते.

जाड दोऱ्यांना अगणित सूक्ष्म डोकीं असतात. नावाडी वल्हें पाण्यांत घालून मागें ओढतो, उचलतो, पुन्हां घालतो, त्याप्रमाणें हीं डोकीं बारीक दोऱ्याला धरतात, ओढतात आणि सोडतात. या कामाला लागणारें इंधन म्हणजे एटीपी नांवाचें द्रव्य. अन्न आणि श्वासांतील प्राणवायु यांच्या साहाय्यानें शरीर तें सतत बनवीत असतें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हें इंधन ओढण्यासाठीं लागतेंच, पण धरलेला दोरा सोडण्यासाठींहि तें लागतें. मृत्यूनंतर कांहीं तासांनीं शरीर ताठ होतें त्याचें कारण हेंच. इंधन संपलेलें असतें आणि त्या डोक्यांना आपली पकड सोडतां येत नाहीं. शिथिल होणें हेंहि जिवंतपणाचेंच लक्षण आहे.

इंधनापैकीं फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीचा उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनाबद्दल आर्चिबॉल्ड हिल यांना १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. ही उष्णता वायां जाते असें मात्र नव्हे. अंगांत ऊब टिकते ती पुष्कळ अंशीं तिच्यामुळें. कडाक्याच्या थंडींत मनुष्य कांपूं लागतो, म्हणजे स्नायु दुसरें कांहीं काम नसतां केवळ ऊब निर्माण करण्यासाठीं भराभर आंखडत असतात.

आंखडण्याची आज्ञा मज्जातंतूंतून येते आणि ती विद्युत्‌-स्वरूपाची असते. बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होतांच मेलेला पाय झटका देतो, हें इटलींतील बोलोन्या येथें लुइजी गाल्व्हानी यांनीं पाहिलें आणि १७९१ सालीं तें प्रसिद्ध केलें. एक मज्जातंतु स्नायूच्या किती तंतूंवर हुकमत चालवितो, यावर हालचालीचा नाजुकपणा ठरतो. डोळ्याच्या स्नायूंत एका मज्जातंतूच्या वांट्याला थोडेच तंतु येतात, म्हणून दृष्टि ओळीवरून अक्षरश: केंसभर सरकूं शकते. पोटरींत हजाराच्या घरांत तंतु एका आज्ञेनें आंखडतात. तेथें नजाकत नको, जोर हवा. ही आज्ञाच तुटली तर धडधाकट स्नायुहि लुळा पडतो व झिजूं लागतो. पोलिओच्या रोगांत विषाणु स्नायूला नव्हे, तर मज्जारज्जूंतील आज्ञा देणाऱ्या पेशींना मारतो. एकाएकीं चेहरा वांकडा होणें, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणें हाहि स्नायूचा दोष नसून मेंदूवरील आघाताचें लक्षण असतें. अशा वेळीं तेल चोळीत न बसतां रोग्याला तत्काळ रुग्णालयांत नेलें पाहिजे.

यावरून आतां प्रारंभीं मांडलेल्या प्रश्नाकडे वळतां येईल. स्नायु हें वापरानें झिजणारें यंत्र नव्हे. तें न वापरल्यानें झिजतें. जोराचें काम वारंवार पडलें कीं तंतु जाड होतात आणि मज्जातंतूहि त्यांना अधिक कुशलतेनें कामाला लावूं लागतात. काम थांबलें कीं शरीर तो खर्च वांचवूं पाहतें. मोडलेल्या पायावरचें प्लास्टर काढल्यावर पाय किती बारीक झालेला असतो, हें अनेकांनीं पाहिलें असेल. चाळिशीनंतर सर्वांचेच स्नायु हळूहळू कमी होऊं लागतात. उतारवयांत ही घट वेग घेते, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत तर ती फारच झपाट्यानें होते. अमेरिकेंत निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवून एक प्रयोग करण्यांत आला. त्याची माहिती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय ६७ वर्षांचें होतें. त्या १० दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारें १ किलो स्नायुभार नाहींसा झाला.

याच्या उलट बाजूचा प्रयोग अधिक आशादायक आहे. बोस्टन येथील एका वृद्धनिवासांतील नव्वदीच्या घरांतल्या १० स्त्रीपुरुषांना ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांचा व्यायाम देण्यांत आला. १९९० सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनीं तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची शक्ति सरासरीनें मूळच्या सुमारें पावणेतीन पट झाली, चालण्याचा वेग वाढला, आणि दोघांना हातांतल्या काठीची गरज उरली नाहीं. नव्वदाव्या वर्षींसुद्धां स्नायु आपली विद्या विसरलेला नसतो. त्याला कोणी काम सांगत नसतें, इतकेंच.

महाराष्ट्रीय घरांत वडीलधाऱ्यांविषयींचा आदर पुष्कळदां याच्या आड येतो. आजोबा भाजी आणावयास निघाले कीं नातू पिशवी काढून घेतो. आजी उठूं लागली कीं सून म्हणते, "तुम्ही बसा, मी आणतें." त्यामागचा जिव्हाळा खरा असतो. परंतु त्या जिव्हाळ्यानें दिवसांतून वीस वेळां उठण्याचे वीस प्रसंग हिरावून घेतले जातात. हळूहळू खुर्चींतून उठण्यास हाताचा आधार लागतो, मग दुसऱ्याचा आधार लागतो, आणि एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरला असतां तोल सांवरण्यापुरता झटका देण्याची शक्ति मांडींत उरलेली नसते. मांडीचें हाड मोडतें तें पडल्यामुळें. पण पडणें घडून येतें तें पुष्कळदां त्याआधींच्या वर्षांनुवर्षांच्या बसून राहण्यामुळें.

म्हणून जातें आणि पाटा-वरवंटा परत आणावा, असें कोणी म्हणणार नाहीं. त्या कष्टांनीं अनेक स्त्रियांच्या कंबरा आणि खांदे खिळखिळे केले. कष्ट गेले हें बरेंच झालें; पण त्यांच्याबरोबर ओणवें होणें, उकिडवें बसणें, उठणें, उचलणें हींहि गेलीं, तेवढीं परत मिळविलीं पाहिजेत. सूर्यनमस्कारांत याची सुरेख सोय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांच्या प्रसारासाठीं आयुष्यभर खटपट केली. त्यांत शरीर आळीपाळीनें पुढें वांकतें व मागें ताणलें जातें, म्हणजे जोडीतला एक स्नायु ओढतो तेव्हां दुसरा ताणला जातो, आणि पुढच्याच अवस्थेंत त्यांची कामें बदलतात. ज्यांना नमस्कार झेपत नाहींत त्यांनीं बळकट खुर्चीवर बसून, शक्य तर हात न टेंकतां, सावकाश उठावें आणि तितक्याच सावकाश बसावें. दहा वेळां सकाळीं, दहा वेळां सायंकाळीं. स्वयंपाकघराचा ओटा धरून टांचा उचलाव्या आणि खालीं टेंकवाव्या. ज्यांना हृदयाचा किंवा सांध्यांचा विकार आहे त्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें. सोपें वाटूं लागलें कीं थोडें वाढवावें, कारण स्नायूला बळ येतें तें थोडें जड जाणाऱ्या कामानें. आहारांत डाळ, कडधान्यें, दूध किंवा अंडीं यांपैकीं कांहींतरी नित्य असावें, म्हणजे झीज भरून काढण्यास द्रव्य मिळेल.

घरांतील वृद्ध माणसाला आधार देणें हें तरुणांचें कर्तव्य आहेच. पण तो हात उचलून घेण्यासाठीं नसावा, सांवरण्यापुरता असावा. आजी उठत असतां सुनेनें शेजारीं उभें राहावें, वेळ लागला तर लागूं द्यावा, आणि उठण्याचें काम आजीच्या मांडीला करूं द्यावें. त्या दहा-वीस क्षणांची वाट पाहण्यांत जें राखलें जातें तें केवळ मांस नव्हे. आपल्या पायांनीं देवळापर्यंत, बाजारापर्यंत, शेजारणीच्या दारापर्यंत जाण्याचें तिचें स्वातंत्र्य त्यांत राखलें जातें.